आगराच्या राखणदाराची पाठवणी

"लगीन कोनाचं हाय?" ठमीआत्याने विचारलं.

"कुणाचंच नाही गं. तू नुसता धवला म्हण, मी रेकॉर्ड करते."

"मंग न्हाय."

आणि आत्याने अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. बोलणं संपलं, हे सांगायची ही तिची रीत. समोर ओटीवर तिची भाची प्राप्ती मांडी घालून बसली होती. तिच्या हातातल्या माईकवर वारा अडवायला केसाळ टोपडं चढवलेलं होतं. ते बघून शेजारच्या बायका 'मांजर घेऊन बसलीस काय गो' म्हणत हसून गेल्या होत्या.

ठमीआत्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर चालतो, बँडवाल्याला झाला तर बरंच. पण धवलारीण नसेल तर मांडवातल्या म्हाताऱ्या लग्न लागलं असं मानायला तयार होत नाहीत. ती बसते, सुपारी कातरते, मग एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलावते. ही बोलावणी. देव मांडवात येऊन बसतात, त्यांच्यासमोर लग्न लागतं, आणि सगळं पार पडलं की त्यांना मानाने आपापल्या ठिकाणी धाडायचं असतं. ती पाठवणी. या दोन टोकांच्या मध्ये नवरा-नवरी हवीत, नसतील तर धवला म्हणायचा नाही, असा आत्याचा नेम होता.

"पाव्हन्यांना जेवाया बोलवायचं आन् चूलच पेटवायची न्हाय, आसं करतात काय कोन?" ती म्हणाली. "तू लगीन कर. बोलवनीपासून पाठवनीपर्यंत सगला म्हनतंय."

"मला नाही करायचं लग्न."

"मंग मलापन न्हाय म्हनायचं."

दोघी एकाच मातीच्या. हट्टाला पेटल्या की कोण कुणाला सरस ते सांगणं कठीण.

प्राप्ती मालिकांच्या सेटवर आवाज टिपायचं काम करायची. सासू-सुनांचं रडणं स्वच्छ यावं म्हणून पंखे बंद करायला लावणारी बाई, अशी तिची सेटवर ख्याती. आता रचना नावाच्या मैत्रिणीने मुंबईतल्या एका कलादालनात तिला एक खोली मिळवून दिली होती. अंधारी खोली, चारी भिंतींना स्पीकर, मध्ये चटया. लोकांनी बसून एका जागेचे आवाज ऐकायचे. कुठली जागा घ्यायची ते प्राप्तीने ठरवायचं होतं, आणि तिने आपलं गाव घेतलं होतं, न्हावा शेव्याच्या बंदराला चिकटलेलं.

पण खरं सांगायचं तर तिला त्या खोलीपेक्षा आत्याचा आवाज हवा होता. आत्याच्या गळ्यात गाठ वाढली होती आणि पुढच्या गुरुवारी पनवेलला तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टर भला माणूस, स्पष्ट बोलला. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे. जपून काढू, पण गाणं पूर्वीसारखं राहील अशी हमी देत नाही. लग्नांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू व्हायचा, आणि तोवर थांबायला डॉक्टर तयार नव्हता. चाळीसेक वर्षांत आत्याने अख्ख्या पट्ट्यातली लग्नं लावली. त्यांचे व्हिडिओ घराघरांत आहेत, पण त्यात धवल्याच्या जागी व्हिडिओवाल्यांनी सिनेमातली गाणी घातलेली. नवरी पाटावर बसलेली, शेजारी आत्याचं तोंड हलतंय, आणि आवाज कुठल्यातरी हिरोचा. प्राप्तीने ते सगळे व्हिडिओ धुंडाळले आणि प्रत्येक व्हिडिओवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतःलाही एक घातली. आवाजाच्या धंद्यात राहून घरचाच आवाज राहिला होता. वरातीमागून घोडं आणायची आपल्या घराण्याची सवयच आहे, असं तिला वाटलं.

प्राप्तीची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून आत्या लग्नाला निघाली की प्राप्ती तिच्या पदराला. धवला सुरू व्हायचा आणि ही तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. शब्द तिला कधीच धड कळले नाहीत. जुनी बोली, त्यात आत्या भरभर म्हणायची. पण आवाज मांडीतून कानात यायचा. तो जाईल म्हणून प्राप्ती घाबरली होती, आणि हे आत्याला सांगायचं कसं ते तिला सुचत नव्हतं.

म्हणून त्या दिवशी तिने अडकित्त्याचाच आवाज टिपला. कडक सुपारीवर पातं बसतं तो कट्ट आवाज, मग खांडं ताटलीत पडतात ते. आत्याने बघितलं, हसली. "ह्यो घे. ह्याला लगीन लागत न्हाय."

मग प्राप्ती गावभर हिंडली. गावदेवीच्या देवळात गेली तर तिथे आता फरशी होती, एसी होता, आणि आरतीला माणसांची गरजच उरली नव्हती. बटण दाबलं की घंटा, ढोल आणि झांजा एका यंत्रातून आपोआप वाजत. त्यातला ढोल थोडा मागे पडायचा. तो मागे पडलेला ढोल तिला आवडला, म्हणून तिने तोच घेतला.

खारबंदीवरची उघाडी मात्र अजून जिवंत होती. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरती आली की ते आपोआप मिटतं आणि खारं पाणी भातशेतीत शिरत नाही. आता आत भातशेती उरलेली नाही, नुसती लव्हाळी आहेत. पण दाराला हे कुणी सांगितलेलं नाही. पाणी चढलं तसं ते धाडकन मिटलं, आणि प्राप्ती कानांना हेडफोन लावून बांधावर दचकली. खाडीत तिने पाण्यात बुडवायचा माईक सोडला तर खाली सगळीकडे बारीक कडकड चाललेली, कढईत मोहरी तडतडावी तशी. ओहोटीला चिखल फुटफुट बोलायचा, तोही घेतला. डोंगर अर्धा खाणीने खाल्लेला. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली तेव्हा उरलेल्या अर्ध्यावरच्या गवतातला वारा मिळाला.

राहिलं मिठागर. आगऱ्यांचं नावच ज्या आगरावरून पडलं ते आगर. प्राप्तीच्या आज्याचं आगर बंदराच्या कामात भरावाखाली गेलं, त्याला आता जमाना झाला. आत्या पोरवयात तिथे राबलेली. मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो, ते काम पोरींचं. आता त्या जागी कंटेनरचं आवार होतं. आत कुणी माईक घेऊन जाऊ देईना. मग आत्याचा मुलगा अल्पेश मदतीला आला. त्याचे ट्रेलर तिथेच चालतात. त्याने प्राप्तीला ट्रेलरमध्ये शेजारी बसवलं आणि आत रांगेत नेलं.

"इकरं काय ऐकाचं हाय?" अल्पेश म्हणाला. "आमी रोज हाच ऐकताव. टोटल डोका फुटतं."

"काच खाली कर आणि गप्प बस."

तो गप्प बसला. हेही एक आश्चर्यच. रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांची टीं टीं, लोखंडी कड्यांचा खणखणाट, आणि मग क्रेनने कंटेनर ट्रेलरवर ठेवला तो दणका सीटमधून थेट पाठीत आला. प्राप्तीने अल्पेशला विचारलं, आज्याचं आगर यात नेमकं कुठे होतं? त्याने हात वर केला, चौफेर फिरवला आणि खाली ठेवला. त्याला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत बसून तिने हे सगळं जोडायला घेतलं. आधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत असं लावून पाहिलं. जमेना. मग समुद्राकडून डोंगराकडे लावलं. तेही बसेना. एका दुपारी तिने सगळं मोडलं, अडकित्त्याचा आवाज पहिला घातला आणि पुढे हात नेईल तसं लावत गेली. गावदेवी, आगर, उघाडी, खाडी, डोंगर. प्रत्येकाच्या मागे थोडी शांतता सोडली. एकदम बसलं. का बसलं याचा विचार तिने केला नाही. जमलेल्या भाकरीला कुणी कारण विचारत नाही. रचनाला ऐकवलं तर ती म्हणाली, सुंदर आहे, पण यात कुणीतरी बोलायचं राहिलंय असं वाटतं. प्राप्तीला ते झोंबलं, कारण खरं होतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ती गावी गेली. आत्याला करमावं म्हणून दोन छोटे स्पीकर आणि ही कृती घेऊन गेली. दुपारची जेवणं झाली होती. अल्पेश ओटीवर पान लावत होता. प्राप्तीने स्पीकर खुर्च्यांवर ठेवले आणि चालू केलं.

अडकित्ता वाजला तशी आत्या हसली. घंटा आणि मागे पडलेला ढोल ऐकून म्हणाली, "गावदेवीचं यंत्र! बिघरलंय कवाचं." मग कंटेनरचा दणका आला. तिचं हसू जरा कमी झालं. उघाडीचं दार धाडकन मिटलं आणि आत्या नीट बसली, पदर डोक्यावरून घेतला. खाडीची तडतड सुरू झाली तेव्हा ती प्राप्तीकडे एकटक बघत होती. डोंगराचा वारा संपला.

"कोनाला ईचारून बोलावलंस?" आत्या म्हणाली.

"कुणाला बोलावलं?"

"सुपारी कातरलीस. मंग गावदेवी, मंग आगराचा राखनदार, मंग उघारीवरचा बापदेव, खाडीची आय, डोंगराचा धनी. एक न्हाय चुकलीस. ही बोलवनी न्हाय तर काय हाय?"

प्राप्तीने बोटांवर क्रम मोजून पाहिला. शब्द तिला येत नव्हते, पण क्रम येत होता. किती लग्नांत झोपेतून तिने तो ऐकला होता! शाळेचा रस्ता पायांना पाठ असतो तसा तो तिच्या हातांना पाठ होता. अनोळखी माणसाने हेच आवाज लावले असते तर देव घरी बसले असते. ही चूक करायला घरचंच माणूस लागत होतं.

"अगं, हे नुसते आवाज आहेत, आत्या."

"मंग माजा काय व्हता? त्योपन आवाजच."

अल्पेशने पान तोंडात टाकलं. "आये, आता हिचं लगीनच लावून टाक. माज्याकरं एक ड्रायव्हर हाय, मस्त पोरगा. गारी स्वताची."

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या.

पण आत्या चेष्टेत नव्हती. ती उठली, हातपाय धुऊन आली, जमिनीवर चटई अंथरली आणि तीवर बसायच्या ऐवजी समोर बसली. चटई पाहुण्यांसाठी होती. "परवा माजा गला कापनार," ती म्हणाली, "आन् हे हितं ताटकलत बसनार. लगीन न्हाय तं न्हाय. पन जो आयला त्याला वाटंला लावल्याबिगर मी दवाखान्यात जानार न्हाय." मग तिने खुर्चीकडे बोट केलं. "ती तुजी मशीन चालू हाय काय?"

"नाही."

"मंग चालू कर. देवांना परत धारलं त्याचा पुरावा नको?"

प्राप्तीने माईक लावला. आत्याने सुपारीचं खांड गालात धरलं आणि पाठवणी सुरू केली. ज्याला शेवटी बोलावलं त्याला आधी धाडायचं. गाठीमुळे आवाज थोडा चिरकत होता, पण चढायचा तिथे चढत होता.

डोंगराचे धनी, डोंगराला जा रं,
पान-सुपारी पावली, लेकरां ऱ्हाऊ दे बरं.

डोंगर गेला. खाडीची आय खाडीला गेली. बापदेव उघाडीवर गेला. प्राप्ती हेडफोनमध्ये ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठी झाल्यावर पहिल्यांदाच ती धवला जागेपणी पुरता ऐकत होती.

"आगराचे राखनदारा, आगराला..."

आत्या थांबली.

तिने परत सुरुवात केली. "आगराचे राखनदारा..." पुन्हा तिथेच थांबली. अल्पेशला वाटलं गळा दुखला, तो पाणी आणायला उठला. तिने हाताने त्याला खाली बसवलं.

"त्यो आगराचा आवाज परत लाव गो."

प्राप्तीने लावला. टीं टीं, खणखणाट, दणका. आत्याने तो पुरा ऐकला.

"इतकी वरसं म्हनत आयले," ती म्हणाली. "आगराला जा, आगराला जा. डोले मिटून म्हनायचं, बँड वाजतोय, पोरी रडतात, कोन ध्यान देतो. आगर तं कवाच गेलं. मला ठावं न्हवतं काय? ठावं व्हतं. पन मी त्याला दर लग्नाला तिकरं धारत व्हते. त्या लोखंडाखाली." तिने चटईकडे बघितलं. "आता ऐकल्यावं कसं सांगू त्याला, जा म्हनून?"

 आपण काय करून बसलो, असं प्राप्तीला झालं. आवाज हवा म्हणून आली होती, आणि आत्याचं गाणं मध्येच तोडून बसली होती. आत्याने गावदेवीला घाईघाईने देवळात धाडलं आणि उठली. राखणदाराची ओळ तशीच राहिली. चटई तिने गुंडाळली नाही. गुरुवारी पहाटे दवाखान्यात निघतानाही ती चटईला वळसा घालूनच दाराबाहेर पडली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली, जीव बचावला. आवाज मात्र गेला. डॉक्टर म्हणाला, थोडाफार परत येईल, वेळ द्या. पण आत्याने तोंड उघडलं की नुसता खरखरीत वारा यायचा. प्राप्ती रोज दवाखान्यात जाऊन पायाशी बसायची आणि पाय चेपत राहायची. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि आत्याला रडणारी माणसं आवडत नसत.

मुंबईत खोली उघडायला थोडेच दिवस उरले. प्राप्तीकडे आता पाठवणी होती, पण मध्ये खंड पडलेली. ती जोडून टाकता आली असती. 'आगराला' पर्यंत एका ठिकाणहून आणि 'जा रं' दुसऱ्या ओळीतून. सेटवर ती असली कामं चहा पिता पिता करायची. तिने एकदा हात घातला आणि काढून घेतला. आत्याने जे म्हटलं नाही ते आत्याच्या गळ्यात घालायचं, मग त्या व्हिडिओवाल्यांनी काय वेगळं केलं होतं?

तेवढ्यात अल्पेशचा फोन आला. "आय बोलवते. मशीन घेऊन ये म्हनते. मना कागदावर लिहून दाखवलाय, मशीन शब्दाखाली दोन रेघा."

प्राप्ती सकाळीच पोचली. आत्या पायरीशी उभी होती, गळ्याला रुमाल. पायरीच्या बाजूला, तुळशीच्या अलीकडे, पाट्यावरचा वरवंटा जमिनीत उभा रोवलेला होता. मिक्सर आल्यापासून तो बिचारा बेकारच होता. त्याला धुऊन, शेंदूर लावून, पुढ्यात सुपारीचं खांड ठेवलं होतं. आणि घरातली ती चटई आता त्याच्यापुढे होती, घडी घालून.

आत्याने अल्पेशकडे हात केला. त्याने खिशातून मिठाची पुडी काढली. दुकानातली, प्लास्टिकची, छापील. आत्याने ती उलटी-सुलटी करून पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते प्राप्तीला बघवेना. आगऱ्याच्या घरात, आगराच्या राखणदाराला, विकतचं मीठ. पण दुसरं आणायचं कुठून?

प्राप्तीने माईक धरला. आत्याने दाताने पुडी फाडली आणि वरवंट्यापुढे मूठमूठ मीठ घालायला लागली. मग वाकली. तिचा आवाज इतका बारीक होता की प्राप्तीने यंत्र होतं तितकं उघडलं. तेव्हा सगळंच आत आलं. प्लास्टिकची चुरचुर, मिठाची सरसर, मागे लांबून बंदराची घरघर, आणि या सगळ्याच्या वर आत्याचा श्वास.

"राखनदारा... आगर न्हाय रं ऱ्हायलं. लय दिस तुला उगाच धारला. माफ कर. आता हितं बस. ठमीच्या दारात. मीठ दुकानातलं हाय, चालवून घे."

मग ती सरळ झाली आणि प्राप्तीच्या हातातल्या माईककडे बघितलं. 

"आयलं काय त्यात?" नुसते ओठ हलले.

"आलं, आत्या. सगळं आलं."

आत्याने तिला हाताने जवळ ओढलं. तोंड अगदी कानाशी आणलं. कितीतरी वर्षांनी प्राप्तीच्या कानाला तिच्या अंगातून येणारा आवाज लागला.

"मुंबईला लाव. पन शेवटाला ह्योच लाव, ध्यान धर. नायतर तिथली मानसं उठून आपापल्या घरी जातील, आन् ह्यो त्या काळोखात एकलाच बसल."